मोजमापाचे पहिले दोन दिवस

कॉलेज संपल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती गरिबीच्या पाहणीत. घरात रोज काय शिजतं ते चूल पेटण्याआधी तोलायचं आणि तक्त्यात भरायचं. चुलीपाशी परक्या पुरुषाला कोण येऊ देणार, म्हणून मला घेतलेलं. एका घरी सात दिवस, मग पुढचं घर.

वैशाखात मला अहेरीपलीकडच्या एका गोंड गावात पाठवलं. पहिल्या घरची बाई माझ्याच वयाची. नवरा बांबूतोडीला गेलेला, घरात सासू आणि दोन लेकरं. दोन दिवस तिने तांदूळ आणि तुरीची डाळ पुढे ठेवली. मी तोलून लिहिलं. गरिबी ऐकली होती तेवढी नाही, असं वाटून मला जरा हायसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी उकाड्याने लवकर जाग आली, तशीच गेले. अंगणात शेजारीण त्या बाईच्या टोपलीत तांदूळ ओतत होती. चुलीवर मडक्यात मोहाची वाळलेली फुलं शिजत होती. मला पाहून दोघी थबकल्या.

"हे तांदूळ कोणाचे?" मी विचारलं.

"तिचे. काल पलीकडच्या घरून आणले होते." घरची बाई खाली बघत म्हणाली. "तुमी सरकारातून आल्या, बाई. तुमच्यापुढं मोह कसा ठेवाचा?"

दोन दिवस माझ्यासाठी सगळी आळी तांदूळ काढत होती आणि मी निवांत आकडे लिहीत होते.

"रोजचं असते तेच ठेव," मी म्हटलं.

"मंग मोह लिवसान का तुमी? कागदात हाय का जागा?"

जागा नव्हती. तक्ता शहरात बसून केलेला. मी आधीचे दोन दिवस खोडले आणि समासात लिहिलं: मोह, आंबील, कसलासा पाला. पाल्याचं नाव सासूने गोंडीत सांगितलं, ते मला दोनदा विचारावं लागलं.

चांद्याच्या कचेरीत साहेबांनी खोडलेले दोन दिवस पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मी घडलं ते सांगितलं. ते बराच वेळ समास वाचत राहिले. "बाकीच्या गावांतही असंच झालं असेल," शेवटी म्हणाले, "आपल्याला कळलं नाही, एवढंच."

नवे तक्ते छापून यायला पावसाळा उलटला. त्यांत रानातल्या अन्नाला रिकाम्या ओळी होत्या. तेव्हापासून कुठल्याही गावात पहिले दोन दिवस आम्ही तराजू पिशवीतून काढत नसू. नुसतं बसायचो, पाणी भरू लागायचो, बोलायचो. आमच्या पाहणीच्या अहवालामुळे त्या बाईच्या घरात काय बदललं, ते मात्र मला कधीच कळलं नाही.