बबनभाऊंना अकरा मते

मार्चमधला दुसरा शनिवार, दुपारचे तीन. घाटंजीतले एक मंगल कार्यालय. टेबलावर मतपत्रिका दोनशे चौदा. हजर: मालिकेच्या दिग्दर्शक केतकी मॅडम, त्यांच्या युनिटची बावीस माणसे, दोन उमेदवार, मतमोजणीला बसवलेले चार निवृत्त शिक्षक आणि मी. राऊत गुरुजींनी पेनाला टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि म्हणाले, "मी या कागदावर सही करत नाही."

"कट," मॅडम म्हणाल्या. "काय झालं?"

"टॅली जमत नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. गुरुजींना मी आणले होते.

मी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत सव्वीस वर्षे काढली. अव्वल कारकून म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंत एकवीस निवडणुका हाताखालून गेल्या. एकाही ठिकाणी एका मताचा फरक निघाला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचा घोळ कशामुळे झाला ते कळावे म्हणून सांगतो.

'भाऊ उभे राह्यले' ही विनोदी मालिका आमच्या घरी जेवणाच्या वेळेला लागते, त्यामुळे जेवणाची वेळ बदलली. नायक बबनभाऊ. गावात त्याचे सायकलचे दुकान. बॅनर डोक्यावर पडतात म्हणून पायी चालतानाही हेल्मेट घालतो. दर वेळी नगराध्यक्षपदाला उभा राहतो आणि घरोघरी जाऊन आपण काय करणार नाही ते सांगतो. "नळाले रोज पाणी येणार नाही. तुमच्या पोराले मी नोकरी लावू शकत नाही. पण माह्या फोन चालू राहीन." त्याचे चिन्ह चाळणी. विरोधात नानासाहेब, चिन्ह कपाट.

मालिकेला निवडणुकीचा जाणकार हवा होता. मला सल्लागार म्हणून तीन दिवसांसाठी बोलावले. पहिल्याच दिवशी मी सांगितले, की आता मतदान मशीनवर होते, कागदावर नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, मशीनचं बटण दाबलं की आकडा येतो. त्यात पाहणाऱ्याला काय दिसणार? कागद मोजताना घाम दिसतो." ही एक चूक मी गिळली. बाकी काही गिळणार नाही असे मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी कला विभागाच्या मुलांनी शिक्के मारलेल्या मतपत्रिका दाखवल्या. सगळे शिक्के एकाच जागी, एकाच कोनात. मी म्हटले, हे कोणी बोगस मतदान केल्यासारखे दिसते. खऱ्या मतपत्रिकेवर कोणाचा शिक्का वर जातो, कोणाचा रेघेवर बसतो, कोणी अंगठाच उमटवून मोकळा होतो.

"मग काय करायचं?"

"गर्दीसाठी दोनशेवर माणसं बोलावलीच आहेत. त्यांच्याकडूनच मारून घ्या."

मॅडमना कल्पना आवडली. मतमोजणीच्या टेबलावर मुंबईच्या नटांऐवजी खऱ्या निवडणुकांत मोजणी केलेले शिक्षक बसवावेत, हीही माझीच सूचना. मतपत्रिका उलगडायची, चिन्हाप्रमाणे लावायची, पंचवीसची गड्डी करून रबर लावायचे. हे हात शिकवून येत नाहीत. शिवाय मोजणीचा तक्ता मी खऱ्यासारखा करून दिला. त्यावर मोजणाऱ्याची सही लागते. मॅडमना त्या सहीचा जवळून शॉट हवा होता.

शनिवारी सकाळी माणसे रांगेत उभी केली. कोणी हसायला लागले, कोणी मोबाइल काढला. मी माइक घेऊन सांगितले, "कॅमेऱ्याकडे पाहू नका. एरवी जसं मत टाकता तसंच टाका."

झालेल्या घोळाचे मूळ या एका वाक्यात आहे.

दुपारी जेवताना गजूभाऊ माझ्याशेजारी बसले. गजूभाऊ म्हणजे बबनभाऊचे काम करणारे नट. मूळचे नेरचे, बसस्टँडसमोर झेरॉक्सचे दुकान. हौशी नाटकातून इथवर आले, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नायक झाले. ताटातली भाजी तशीच होती.

"आज संपते आपली," ते म्हणाले.

"शूटिंग?"

"सिरियल. चॅनलनं ठरवलं. मी हरतो, अकरा मतं पडतात, डिपॉझिट जाते, समाप्त. सोमवारपासून दुकान उघडतो. टोनर मागवून ठेवलं."

डिपॉझिट म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत भरायची अनामत. वैध मतांच्या आठव्या हिश्शाइतकीही मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. मी त्यांना एवढेच म्हटले, की अकरा हा आकडा हिशेबात बरोबर आहे. नंतर वाटले, दुसरे काहीतरी बोलायला हवे होते.

तर दोन वाजता मोजणी सुरू झाली. कॅमेरा चालू. गुरुजींसोबत उर्दू शाळेतले शेख सर आणि आणखी दोघे. चौघांना स्क्रिप्टमधला आकडा माहीत नव्हता. त्यांना कोणी सांगितलाच नव्हता, आणि ते मन लावून मोजत होते. चाळणीच्या गड्ड्या सहा झाल्या, वर तेरा सुट्या. कपाटाची एक गड्डी आणि सतरा. अवैध नऊ. एकशे त्रेसष्ट, बेचाळीस, नऊ. बेरीज दोनशे चौदा. पेट्या उघडल्या तेव्हा जितके कागद, तितकेच.

निवडणूक अधिकाऱ्याचे काम करणारा पुण्याचा नट उठला आणि त्याने पाठ केलेले वाक्य म्हटले, "बबन चिंचोळकर, अकरा मते."

त्यावर गुरुजींनी पेनाला टोपण लावले.

"गुरुजी, ही सिरियल आहे," मॅडम समजावू लागल्या.

"मान्य आहे."

"स्क्रिप्टमध्ये अकरा आहे."

"स्क्रिप्टमध्ये असू द्या. टेबलावर एकशे त्रेसष्ट आहे. सही माझी, नाव माझं, गाव मले ओळखते. उद्या टीव्हीवर पाहून लोक म्हणतील, राऊत मास्तर कितीमध्ये फुटला?"

शेख सरांनी तक्ता उलटा करून ठेवला. "पस्तीस साल में एक व्होट इधर का उधर नहीं हुआ, मॅडम. आता रिटायर झाल्यावर कायले करायले लावता?"

एवढ्यात बाहेरून आवाज आला. माइक चालू राहिला होता आणि 'अकरा मते' बाहेरच्या मंडपात बसलेल्या सगळ्यांनी ऐकले होते. सगळ्यांत पुढे मंदाताई. त्या केळापूरहून बारा बायका घेऊन आल्या होत्या.

"अकरा कशी? आमीच तेरा जणी आलो. तेराच्या तेरा चाळणीवर मारले."

"हाव, आन् आमी काय कपाट घेऊन घरी जाऊन राह्यलो का?" मागून एक पुरुष.

"माह्यं मत कुठं गेलं ते दाखवा. मी लायनीत दीड घंटा होतो."

नानासाहेबांचे काम करणारा नट कपाटाच्या कटआउटमागे जाऊन उभा राहिला. मला त्याचे वाईट वाटले, कारण माणूस फार सज्जन होता आणि सकाळी त्यानेही चाळणीवर शिक्का मारला होता. तसे त्याने मला नंतर सांगितले.

मॅडमनी घड्याळ पाहिले. साडेतीन. कार्यालय पाचपर्यंतच आपले होते. पाचनंतर तिथे हळद होती. गजूभाऊंचा आज शेवटचा दिवस, गर्दीचाही. पाचच्या आत निकालाचा शॉट झाला नाही तर सगळी मालिका शेवटाविना राहणार होती.

"काका, तुम्ही सुचवा," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मी नियमात बसणारा मार्ग सांगितला. फेरमतदान. "माणसांना स्पष्ट सांगा की कपाटावर मारा. गुरुजी मोजतील, आकडा आपोआप बरोबर येईल, सही होईल."

कोऱ्या मतपत्रिका शिल्लक होत्या. मॅडम स्वतः मंडपात गेल्या. "हे बघा, कथेत बबनभाऊ हरतो. म्हणून तो लक्षात राहतो. तुम्ही सगळ्यांनी कपाटाला मत द्या. फक्त अकरा जणांनी चाळणीला. जमेल ना?"

"जमते," सगळे म्हणाले.

मी अकरा माणसे मोजून वेगळी काढली. पस्तीस मिनिटांत मतदान उरकले. इतक्या शिस्तीने मतदान झालेले मी सव्वीस वर्षांत पाहिले नव्हते. तेव्हाच संशय यायला हवा होता.

गुरुजींनी मोजले. चाळणी एकशे अठ्ठ्याऐंशी. कपाट एकवीस. अवैध पाच.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "पंचवीस वाढले?"

"मतदारावर दबाव आणला की असंच होते," शेख सर म्हणाले. "तजुर्बा है."

मी मंदाताईंना विचारले, की ताई, तुम्ही हो म्हणाल्या होत्या ना?

"म्हणाली तं. सगळ्याच पुढाऱ्याईले मी हो म्हणते. आत गेल्यावर माह्या शिक्का आन् मी."

"पण सांगितलं होतं की हे खोटं आहे."

"खोट्यातही हरवायचा का त्याले? खऱ्यात तं कोणी असा उभा राहतच नाही."

साडेचार वाजले. हळदीवाल्यांचा बँड कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्यांच्या मागे नवरीचे वडील, दोन्ही हातांत हळदीच्या पाण्याची भांडी. मॅडमनी गुरुजींशिवाय शॉट घ्यायचा एक शेवटचा प्रयत्न केला. निवडणूक अधिकारी उठला, 'अकरा' म्हणाला. गर्दीने मान खाली घालायची होती. गर्दी हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "अकरा तं माह्या घरातूनच पडले." बँडवाल्यांपैकी ताशावाल्याने काय झाले ते विचारले. त्याला सांगितल्यावर तोही आत येऊन भांडायला लागला. त्याने तर मतदानही केले नव्हते.

मॅडम मॉनिटरसमोर उभ्या होत्या. मॉनिटर म्हणजे कॅमेऱ्यात काय दिसते ते दाखवणारा छोटा टीव्ही. त्यावर मंदाताईंचा चेहरा होता, तावातावाने बोट दाखवणारा. मागे शंभर चेहरे. एकही नट नाही. मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनाच हसू आवरेना. हसताहसता त्यांनी पुण्याच्या नटाला हाक मारली.

"आदित्य, टेबलावर काय आकडा आहे?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"तोच वाच."

"पण चॅनल?"

"चॅनलला मी पाहते. गुरुजी, सही कराल ना?"

गुरुजींनी खिशातून पेन काढले. "आधीच केली असती. तुमचाच वेळ गेला."

मी मध्येच म्हणालो, की निकाल जाहीर करताना आधी अवैध मते वाचायची असतात. मॅडम म्हणाल्या, "काका, बसा." मी बसलो.

आकडा वाचला गेला आणि पुढे काय झाले ते नीट क्रमाने सांगता येत नाही. कोणी गजूभाऊंना उचलले. हेल्मेट गर्दीत गेले आणि परत आले नाही. बँडमास्तरने नवरीच्या बापाकडे पाहिले. तो म्हणाला, "वाजवा, शुभच आहे," आणि बँड वाजला. मंदाताईंच्या बायका नाचल्या, हळदीला आलेले पाहुणे नाचले, शेख सर टाळ्या वाजवत एका जागी फिरले. कला विभागाने ठेवलेली पितळी चाळणी कोणीतरी नानासाहेबांच्या डोक्यावर धरली आणि नानासाहेबही नाचले. कॅमेरामन टेबलावर चढून हे सगळे टिपत होता. मीही दोन पावले टाकली असे घरचे म्हणतात. तो भाग दाखवला गेला म्हणून नाकारता येत नाही.

मग गजूभाऊंना माइकसमोर उभे केले. ते मॅडमकडे वळले.

"मॅडम, मले हरायचं भाषण पाठ आहे. जिंकायचं कोणी लिहिलंच नाही."

"तेच म्हणा."

त्यांनी तेच म्हटले. "तुम्ही जे केलं त्याच्याबद्दल माह्या मनात राग नाही. तुमाले जे योग्य वाटलं ते तुम्ही केलं. मी होतो तसाच राहीन. उद्या सकाळी दुकान उघडतो." एक शब्द बदलला नाही. मग एकाने शिट्टी मारली आणि पुन्हा बँड सुरू झाला. चार वाजून चौपन्न मिनिटांनी मॅडम 'पॅकअप' म्हणाल्या.

चॅनलने तो भाग आठ दिवस अडवून धरला. मंजूर स्क्रिप्टमध्ये नायक हरतो आणि चित्रीकरणात जिंकतो, हे कोणाच्या सहीने झाले, असे पत्र आले. मॅडमनी उत्तरासोबत मोजणीचा तक्ता जोडला. त्यावर सही राऊत गुरुजींची. नवव्या दिवशी कळले, की निवडून आलेला बबनभाऊ कारभार कसा करतो यावर आणखी बावन्न भाग करायचे. गजूभाऊंनी दुकान मेहुण्याला कायमचे चालवायला दिले. टोनरसकट.

हिशेब असा मिटला. गर्दीतल्या प्रत्येकाला ठरलेले पाचशे रुपये. शिक्षकांना प्रत्येकी बाराशे, आणि दोनदा मोजणी झाली म्हणून वर तीनशे. हे तीनशे गुरुजींनी नियम दाखवून मागून घेतले. ताशावाल्याने मतदारयादीत नाव नसताना गोंधळ घातला, तरी त्याला दोनशे दिले. मला नऊ हजार ठरले होते, दहा टक्के कर कापून आठ हजार शंभर मिळाले.

पुढच्या भागांसाठी मला पुन्हा बोलावले आहे. मी एकच अट लेखी दिली: ज्या प्रसंगात निकाल आधी ठरलेला असेल, त्या प्रसंगात माणसे भाड्याची घ्यावीत, पण मते त्यांना विचारू नयेत.