वेसेलने चोरलेली चार वर्षं

वेसेल हुल्शोफ गाईंची खुरं तासतो. आमच्या वेंटेलो गावात गाय लंगडायला लागली की आधी त्याला फोन जातो, मग जनावरांच्या डॉक्टरला. पंचवीस-तीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. माझ्याशी बोलतानासुद्धा त्याची नजर आधी माझ्या चपलांवर जाते. एकदा मला म्हणाला, "वहिनी, डाव्या टाचेवर जोर देताय तुम्ही. गाय असता तर आत्ताच तासून दिलं असतं."

लग्न त्याने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "विचारायला गेलो होतो एकदा. तिच्या बापाची गाय अडली होती, तिथेच रात्र गेली. सकाळी विचारायचं राहून गेलं." याच्यापुढे तो सांगत नाही.

तर असा हा वेसेल ज्या घरात भाड्याने राहत होता, ते घर मालकाच्या पोरांनी विकलं. गावात दुसरं रिकामं घर नव्हतं. नगरपालिकेच्या घरासाठी नाव लावलं, तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, अकरा वर्षांनी नंबर येईल. शहरात एक खोली मिळत होती, चौथ्या मजल्यावर. वेसेल म्हणाला, "चौथ्या मजल्यावर मी काय करू? तिथून एकही गाय दिसत नाही."

उरलं एकच घर. आमच्या समोरच्या डीनामावशींच्या अंगणातलं भट्टीघर. पूर्वी तिथे शेतावरच्या माणसांसाठी पाव भाजत, म्हणून ते नाव. दोन खोल्या, वर कौलं, खिडकीतून थेट गोठा. वेसेलला याहून जास्त काही नको होतं. पण डीनामावशींचा भाडेकरू होणं म्हणजे पाद्रीबाबांची नेमणूक होण्यापेक्षा अवघड.

ओळखीची म्हणून मीच त्याला घेऊन गेले. मावशींनी कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "वय किती?"

वेसेल म्हणाला, "माझं?"

"नाही, बिस्किटाचं! हे बघ पोरा, पन्नाशी गाठलेला भाडेकरू मी ठेवत नाही. तीन झाले. पहिला होता तो शिडीवर माकडासारखा चढायचा, पन्हळीतली पानं काढायचा. पन्नासावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, मावशी, गुडघा. दुसऱ्याचं तेच. तिसरा तर मला एक्स-रे दाखवायला घेऊन आला. मी जेवत होते!"

वेसेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. त्याचे गुडघे तर सत्तरीत होते. तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "पंचेचाळीस."

मी कॉफी ढवळायला घेतली. मी साखर घेतच नाही.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू ओळखतेस ना याला? माणूस कसा आहे?"

मी म्हटलं, "कामाला चोख आहे. दारू नाही, आरडाओरडा नाही. रविवारी गवत कापायचं यंत्र चालवत नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता. वयाचं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत सुटू नये, असं मी मनाला समजावलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मात्र ते तितकंसं पटलं नाही.

"एक वर्ष बघते," मावशी म्हणाल्या. "पुढच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, पटलं तर कायमचा कागद करू. नाही तर तू तुझ्या वाटेने."

ते वर्ष वेसेलने कसं काढलं ते मी खिडकीतून पाहिलं. आमच्याकडे पडदे कुणी ओढत नाही, त्यामुळे बघायला लागत नाही, दिसतंच. शिडीवर चढायच्या आधी तो गोठ्यात जायचा, एका तांबड्या गाईच्या मानेत तोंड खुपसून पोटभर कण्हून घ्यायचा आणि मग शीळ घालत बाहेर यायचा. मावशी खूश. मला म्हणायच्या, "बघ, पंचेचाळिशीचा माणूस कसा असतो! त्या गाईवर तर किती जीव आहे त्याचा!"

सप्टेंबर संपला आणि आमच्या गल्लीतली रीकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. गावात कुणाचं लग्न, बारसं, वाढदिवस असलं की रीकी आधी त्याच्या घरी पोचते आणि मग त्याला कळतं. आमच्याकडे वाढदिवसांची दिनदर्शिका संडासात टांगतात; रीकीच्या दिनदर्शिकेवर अख्खा गाव आहे, जन्मसालासकट. तिथे बसलं की आपण कितीचे झालो ते विसरायची सोय नाही. डीनामावशींच्या संडासातही अशी दिनदर्शिका आहे, पण तिच्यावरची बहुतेक माणसं देवाघरी गेली आहेत आणि नवीन नाव त्या लिहीत नाहीत. आपल्या घराबाहेर कॉफीलाही त्या जात नाहीत. म्हणून तर वर्षभर निभावलं होतं.

"वीस तारखेला वेसेल पन्नास!" रीकी म्हणाली. "शनिवार आलाय. तू पहिली शेजारीण. अब्राहम तू शिवायचास."

हे आमच्याकडे टळत नाही. दारासमोरचं घर म्हणजे पहिला शेजार. लग्न असलं तर दाराला हिरवी कमान त्याने बांधायची, मयत झाली तर खांदा त्याने द्यायचा, आणि माणूस पन्नासाचा झाला की त्याच्या दाराशी अब्राहम त्याने बसवायचा. म्हणजे जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला दाढीवाला म्हातारा, खुर्चीवर, हातात पन्नासची पाटी. बायबलातल्या अब्राहमाला बघण्याइतकं वय झालं, असा त्याचा अर्थ.

मी रीकीला सगळं सांगितलं. ती विचारात पडली असं मला वाटलं, पण ती केक खात होती.

"अगं, पण अब्राहम नाही बसवला तर लोक काय म्हणतील? शेजार मेला म्हणतील!"

तेवढ्यात वेसेलच आला. त्याला सुगावा लागला होता. दारातच हात जोडावेत तसे हात करून म्हणाला, "वहिनी, पाया पडतो. बाहुला नको. वाढदिवसानंतर बाराव्या दिवशी माझा कागद आहे."

"मला काय सांगतोस? हिला सांग," मी म्हटलं.

"रीकी, तुमच्या अंगणात बसवा त्याला."

"माझा नवरा बासष्टचा आहे. त्याला बारा वर्षं उशिरा पन्नास करू?"

"मग गोठ्यामागे बसवा. तोंड शेताकडे करा."

"आणि बघणार कोण? गाई?"

"गाई माझ्याच ओळखीच्या आहेत," वेसेल म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला होता की शेवटी रीकीलाच दया आली. तिने टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, "बाहुला बसेल. दाराशीच बसेल. पण पाटीवर शेहेचाळीस लिहू! मावशींना वाटेल साधाच वाढदिवस, काहीतरी नवीन फॅशन. गावाला खरं माहीतच आहे. दोन्हीकडून सुटलो."

मी म्हटलं, "बाहुला शिवीन. खोटा आकडा माझ्या हाताने लिहिणार नाही."

"मी लिहीन की," रीकी म्हणाली. "माझं अक्षरही चांगलं आहे."

शनिवारी सकाळी नऊला डीनामावशी सायकलवरून केस सेट करायला गेल्या. आम्ही लगेच बाहुला आणला. आमच्या यांचा जुना कोट, वेसेलची फाटकी विजार, लाकडी बूट, मेंढीच्या लोकरीची दाढी. रीकीने मांडीवर पाटी ठेवली: ४६. वेसेलने बाहुल्याच्या बुटांकडे बघून म्हटलं, "उजवा पाय आत वळलाय." आणि सरळ केला.

बेत तसा वाईट नव्हता. पण एक गोष्ट आम्ही तिघंही विसरलो. आमच्या लोकांना चूक दिसली आणि ती न सांगता पुढे जाता आलं, असं कधी झालेलं नाही.

पहिला आला पोस्टमन. थांबला, पाटी वाचली आणि वेसेलला हाक मारली, "अरे, तुझा अब्राहम चुकलाय! तू पन्नास आहेस, माझ्या वर्गात होतास!" वेसेलने बोट ओठांवर ठेवलं. पोस्टमनला वाटलं बाहुल्याला गप्प बसायला सांगतोय. त्याने खिशातून पेन काढून सहावर खाडाखोड केली आणि गेला. रीकीने ते पुन्हा गिरवलं. मग दुधाचा टँकर थांबला. ड्रायव्हर उतरला. "ज्याने कुणी केलंय त्याला मोजता येत नाही का?" मग पाद्रीबाबांच्या बायको सायकलवरून उतरल्या. अतिशय सभ्य बाई. त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण असं लोकांपुढे चुकीचं राहू नये," आणि चार वर्षांचा हिशेब त्यांनी वेसेलला बोटांवर करून दाखवला.

रीकी फुगली. "मला मोजता येत नाही म्हणे! माझ्या संडासात येऊन बघा म्हणावं!"

अकराला दहा कमी असताना डीनामावशी परत आल्या. डोक्यावर केस कोबीच्या गड्ड्यासारखे गच्च. सायकल फाटकाला लावली नाही, आडवीच टाकली.

"केस सुकवायच्या यंत्राखाली बसले होते," त्या म्हणाल्या. "तीन बायका येऊन माझ्या कानात ओरडून गेल्या, तुझ्या अंगणातली पाटी चुकलीय. वाटेत टँकरवाल्याने टँकर थांबवून सांगितलं. कुठली पाटी?"

आम्ही तिघं बाहुल्यासमोर ओळीने उभे राहिलो. पण बाहुला तिघांपेक्षा रुंद होता.

मावशींनी पाटी वाचली. मग दाढी बघितली. "शेहेचाळीसला अब्राहम बसवत नाहीत."

"नवीन फॅशन—" रीकी म्हणाली.

"तू गप्प बस. वेसेल. किती?"

वेसेल त्यांच्या बुटांकडे बघत होता. मग, मला आठवतं तसं पहिल्यांदाच, त्याने मान वर करून कुणाच्या तोंडाकडे बघितलं. "पन्नास, मावशी. आजच झालो. गेल्या वर्षी खोटं बोललो. हे घर मला फार आवडलं होतं."

"आणि तुला माहीत होतं?" मावशी माझ्याकडे वळल्या.

"होतं," मी म्हटलं. ते म्हणताना मला इतकं हलकं वाटलं की पुढची बोलणी मी आनंदाने खाल्ली असती. पण त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वेसेलला सांगितलं, "महिनाअखेरीला किल्ली आणून दे," आणि घराकडे वळल्या.

पण त्या घरापर्यंत पोचल्याच नाहीत. वाढदिवसाची कॉफी अकराची होती आणि आमचे लोक वेळेआधी पाच मिनिटं येतात. फाटकातून माणसं यायला लागली. रीकीचा नवरा, पोस्टमन, पाद्रीबाबा आणि त्यांच्या बायको, बँडमधले सहा जण, आजूबाजूचे सगळे गाईवाले, शाळेतल्या बाई. आता रीत अशी, की वाढदिवस ज्याचा त्याचं अभिनंदन करून माणूस मोकळा होत नाही. त्याच्या आईचं, भावाचं, मेहुणीचं, जो जो त्याचा त्याचं करावं लागतं. वेसेलला या जगात कुणी नाही. म्हणून सगळे एका रांगेत मालकिणीकडे वळले.

"अभिनंदन हं मावशी, तुमच्या भाडेकरूबद्दल!"

मावशींचा हात आपोआप पुढे गेला. साठ-सत्तर वर्षांची सवय, त्या काय करणार? "आभारी आहे," त्या म्हणाल्या.

"डीना, अभिनंदन! असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं."

"आभारी आहे."

"अभिनंदन मावशी! आमची काळी गाय आज चालतेय ती याच्यामुळे."

"आभारी आहे... कुठली काळी?"

"डोक्यावर चांदणी असलेली."

"अगंबाई, ती? तिला तर विकणार होतास ना तू?"

"विकणारच होतो!"

चौतीस माणसं होती. मी मोजली, कारण केक मी केला होता. चौतीस वेळा त्यांनी हात दिला, चौतीस वेळा आभार मानले. दहाव्यापर्यंत चेहरा लाल होता. विसाव्याला त्या "हो ना, शिडीवरसुद्धा चढतो" असं स्वतःहून म्हणाल्या. शेवटी बँडच्या मोठ्या बाजावाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, तेव्हा त्या वेसेलला स्वतः जन्म दिल्यासारख्या दिसत होत्या.

मग सगळे अंगणात गोल करून बसले. मावशींना मधली खुर्ची मिळाली, अब्राहमच्या शेजारची. मी त्यांना सफरचंदाच्या केकचा मोठा तुकडा दिला. वेसेल कॉफीची किटली घेऊन समोर आला.

"मावशी, किल्ली मी—"

"कसली किल्ली?" त्या जोरात म्हणाल्या. "चौतीस लोकांनी ज्याच्याबद्दल माझं अभिनंदन केलं, त्याला महिनाअखेरीला बाहेर काढू? माझं तोंड काय राहील? तुझ्या वहिनीने आणलेला केकही अर्धा खाल्लाय मी."

"पण पन्नाशीचं ते—"

"साठ," मावशी म्हणाल्या. "मी साठ म्हणाले होते. कुणाला काही वेगळं ऐकू आलं होतं का?"

चूक दिसूनही तिथे कुणी ती सांगितली नाही, हे मी या गावात पहिल्यांदाच पाहिलं. पाद्रीबाबांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. पोस्टमन पेनाशी चाळा करत होता, पण त्याने टोपण काही उघडलं नाही.

वेसेलने मावशींच्या कपात कॉफी ओतली, ती बशीतही ओतली, थोडी अब्राहमच्या विजारीवरही. मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कागद आणा कुणीतरी घरातून. दिवाणखान्यातल्या कपाटात, वरच्या खणात. आत्ताच सही करते, नाही तर उद्या चर्चमध्ये मन बदलेल."

कागद आणायला रीकी धावली. तिला ते कपाट बरोबर माहीत होतं.