लढाईआत्याचा प्याला

सैतानाला अरे-तुरे करणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे माझी आत्या. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सकाळी कणीक मळतानाच तिचं सुरू होई, "चल, हो बाजूला! आज जमायचं नाही तुझं." आम्ही भावंडं तिला लढाईआत्या म्हणायचो, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

तिला डायबेटीस होता. लग्नात जर्दाळूंचा गोड खुबानी का मीठा समोर आला की ती वाटीकडे टक लावून बघे, मग वाटी सरकवून "जिंकले!" म्हणत टाळी वाजवी. नव्वदच्या पुढे घरोघरी केबल आली, आणि दुपारची मालिका नेमकी तिच्या प्रार्थनेच्या वेळी लागू लागली. तिनं टीव्हीवर चादर टाकली. चादरीचा कोपरा उचलताना मी तिला दोनदा पकडलं. "पाच मिनिटं हरले गं," ती लाजून म्हणाली. "सैतान काही शिंगं लावून येत नाही. ‘एवढंच ना’ म्हणत येतो."

खरी पंचाईत जिभेची होती. शेजारच्या रझियाबीकडे केबल दिसू लागली, तशी "आमच्या तारेतून चोरून बघतेस!" असं आत्या तिला चारचौघांत बोलून बसली. संध्याकाळी केबलवाल्यानं सांगितलं, रझियाबीनं स्वतःचं कनेक्शन घेतलंय. वीस वर्षांची मैत्री, आणि बोलणं बंद.

कुणाशी बिनसलेलं असेल तर आम्हा ख्रिस्ती लोकांत प्रभुभोजन घेत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला आत्यासमोरून तसाच पुढे गेला. पुढच्या महिन्यातही गेला. घरी येऊन ती ढसाढसा रडली. "माफी मागायला निघते, तर हा कानात सांगतो, आधी ती येऊ दे की!"

तिसऱ्या खेपेला, आदल्या शनिवारी, माझा हात घट्ट धरून ती रझियाबीच्या दारात उभी राहिली.

"रझिया, गलती मेरी थी. दो महिने से प्याला नहीं ली मैं."

"मेरे वास्ते? हौली हुई क्या, पगली!" रझियाबीनं तिला आत ओढलं. "पैले आना था ना!"

दुसऱ्या दिवशी रझियाबी बुरखा घालून चर्चच्या दाराशी हजर. आत्यानं प्याला ओठांना लावला, तसा मागून आवाज आला, "शाब्बास!" पाळकसाहेबांसकट सगळे हसले. आत्याला ठसका लागला. इतकी आनंदी मी तिला कधीच पाहिली नव्हती.

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. माफी मागायला मला दोनच दिवस लागतात. आपण आत्यापेक्षा बरे, असं मनात येतं, आणि हे कोण बोलतंय ते लगेच ओळखू येतं.