रिकाम्या पोटाची नोंद

चौगुले सरांच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्राणीगृहात उंदरांची वजनं करत होते. "सर गेले गं..." एवढंच त्या म्हणाल्या. हातातला उंदीर मी अलगद पिंजऱ्यात सोडला, त्याचं वजन वहीत लिहिलं आणि मगच बाहेर येऊन रडले. नोंद राहिली असती तर सरांना ते मुळीच खपलं नसतं. या गोष्टीला आता महिना होईल.

चौगुले सर मूळचे पेठ वडगावचे. कोल्हापुरात आमच्या फार्मसी कॉलेजात त्यांनी उमेदीची सारी वर्षं एकाच प्रश्नामागे घालवली. गिळलेल्या गोळीतलं औषध आतड्यातून रक्तात किती उतरतं, आणि उंदरावरून ते माणसासाठी कितपत खात्रीनं सांगता येतं? "उंदराचं आतडं बरंच खरं सांगतंय," ते वर्गात म्हणायचे, "पण त्याला पित्ताशय न्हाय, आपल्याला हाय. ते इसरून बोलायचं न्हाय!" प्रत्येक आकड्यावर शंका काढायचे म्हणून माघारी आम्ही त्यांना किरकिरे म्हणायचो.

कितीतरी वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली एम.फार्म. करत होते. रक्तदाबाच्या एका औषधाचं नवं मिश्रण आम्ही उंदरांना देऊन बघत होतो. आदल्या संध्याकाळी खाद्य काढून घ्यायचं, सकाळी उपाशीपोटी औषध द्यायचं, कारण पोटात काही असलं की आकडे बदलतात, मग ठरल्या वेळी रक्त तपासायचं आणि शेवटी... उंदीर मारून पोट उघडायचं. आकडे झकास आले. पुण्यातल्या एका कंपनीत माझी नोकरी जवळजवळ पक्की होती, प्रबंध तेवढा वेळेत द्यायचा होता. अडचण एकच होती. पोट उघडलं तेव्हा जठरात भाताचं तूस निघालं. खाद्य मी काढलं होतं, पण पिंजऱ्यात अंथरलेलं तूस तसंच ठेवलं होतं, आणि भुकेल्या उंदरांनी तेच खाल्लं होतं. तरी वहीत मी लिहिलं, 'जठर रिकामे.'

पुढे पंधरा दिवसांनी सर पिंजऱ्यांपुढे उभे राहिले. तुसात बोट फिरवून त्यांनी विचारलं, "खरंच उपाशी हुती का गं ती उंदरं?"

मला खोटं रेटता येईना. सगळं सांगून टाकलं. "नोकरी जाईल हो सर," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"जाईल की. आणि ह्या आकड्यावर उद्या कुणी माणसाचा डोस ठरवला तर? जाळीच्या तळाचा, बिनतुसाचा पिंजरा वापर म्हणून मी सांगाय पायजे हुतं, ती चूक माझी. वहीत लिवलंस ते मातर तुझं."

नोकरी गेलीच. परवानग्या घेऊन सगळं पुन्हा करावं लागलं. कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, मनातून नुसती धुमसत होते. ते मात्र रोज माझ्या आधी हजर असत, तारेच्या जाळीचे पिंजरे स्वतः धुऊन ठेवलेले असत. नवे आकडे पहिल्यांपेक्षा फारच फिके निघाले. प्रबंधाच्या शेवटी त्यांनी बाद ठरलेल्या उंदरांचाही तक्ता घालायला लावला. "त्यांनी बी जीव दिलाय की. नोंद तरी ऱ्हाऊ दे." त्या पानाची मला कितीतरी वर्षं लाज वाटायची. आता मी त्याच कॉलेजात शिकवते आणि नव्या मुलांना आधी तेच पान दाखवते. हे सरांना एकदा सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेले. शेवटच्या आजारात सरांना सकाळची एक गोळी उपाशीपोटी घ्यायची होती. त्यांच्या पलंगाशेजारी, औषधांच्या डब्याखाली, एक कागद अजून तसाच होता. रोजची तारीख, वेळ आणि पुढे एकच शब्द, 'उपाशी.'

"शेवटच्या सकाळी मीच चहात बुडवून बिस्कीट भरवलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्याशानं काय हुतंय! तर गोळी घेतल्यावर माझ्याकडनं पेन मागून घेतलं बघ..."

मी कागद उजेडात धरला. शेवटच्या ओळीतली अक्षरं थरथरत खाली उतरली होती.

'उपाशी नाही. अर्धं बिस्कीट.'