क्लच धुणारा माणूस दारुडा कसा ठरला

"डेलला शुक्रवारी काढून टाकतोय," वॉल्ट म्हणाला. "पिऊन कामावर येतो."

मी तेव्हा त्याच्या वर्कशॉपमध्ये स्नोमोबिलचा उघडलेला क्लच हातात धरून उभी होते. डेल आमच्याकडे पाठ करून, बुटक्या स्टुलावर बसून दुसरा क्लच धुत होता. त्याला ऐकू गेलंच असणार. वॉल्टला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. नोकराच्या पाठीलाही कान असतात हे कुठल्याच देशातल्या मालकाच्या लक्षात राहत नाही.

मी केमिकल इंजिनिअर. मिशिगनमध्ये, नोव्हायच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करते. कोणत्या कामाला कोणतं केमिकल वापरावं आणि कोणतं वापरू नये, हे सांगायचे आम्हाला पैसे मिळतात. वॉल्टच्या इन्शुरन्स कंपनीने मला उत्तरेला, त्याच्या दुकानात पाठवलं होतं. १९८७ चा जानेवारी होता, स्नोमोबिलच्या धंद्याचा भर सीझन. इन्शुरन्सचा प्रश्न एवढाच होता: क्लच धुवायला हे लोक जे सॉल्व्हंट वापरतात, त्याने आग लागेल का?

स्नोमोबिल म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटर समजा. तिला गिअर नसतात. धातूच्या दोन तबकड्या समोरासमोर असतात आणि त्यांच्या फटीत रबरी बेल्ट फिरतो. इंजिनने जोर धरला की तबकड्या बेल्टला चिमटीत पकडतात आणि गाडी सुटते. बेल्ट झिजतो, त्याची काळी भुकटी तबकड्यांवर भाजून बसते आणि मग चिमटीतून बेल्ट निसटू लागतो. म्हणून क्लच धुवावा लागतो. पण पेट्रोल किंवा रॉकेलने धुतला तर तेलकट थर मागे राहतो आणि बेल्ट आणखीच घसरतो. धुणारं द्रव्य स्वतः पूर्ण उडून गेलं पाहिजे, ही खरी अट.

वॉल्टने ती अट पुरी केली होती. मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने काढून टाकलेला ट्रायक्लोरोएथिलीनचा ड्रम त्याने स्वस्तात उचलला होता. दुकानात सगळे त्याला नुसतं 'ट्राय' म्हणत. ग्रीस काढायला याच्यासारखं दुसरं नाही. वास गोडसर. ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: नॉन-फ्लेमेबल.

"जळतच नाही," वॉल्ट ड्रमवर थाप मारत म्हणाला. "या शेडमधली सगळ्यात सेफ वस्तू. लिहून घे, यंग लेडी."

मी लिहून घेतलं नाही. मी डेलचा ट्रे बघत होते. तो गॅस हीटरच्या अगदी लगत ठेवलेला होता.

"ट्रे तिथे का?"

"थंड ट्रायमध्ये बोटं गोठतात," डेल मागे न वळता म्हणाला. "कोमट केलं की मळही लवकर सुटतो. इथे सगळे असंच करतात."

बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून दारं घट्ट बंद. फटींत चिंध्या कोंबलेल्या. हीटरची ज्योत उघडी. आणि ट्रायची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साठते. म्हणजे बरोबर त्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या पातळीला. उभ्याने हिशोब करणाऱ्या मालकाला ती फारशी लागत नाही.

मी वॉल्टला विचारलं, डेल पितो हे कशावरून?

"दुपारनंतर झोकांड्या खातो. शब्द जड होतात. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी ठीक, शनिवारपर्यंत पुन्हा तेच. आणि संध्याकाळी बारमध्ये एक बीअर घेतली की तोंड टोमॅटोसारखं लाल. गावात सगळ्यांनी पाहिलंय. हे बेवड्याचं लक्षण नाही तर काय?"

हे लक्षण मी पुस्तकात वाचलं होतं. ट्राय अंगात मुरलेला माणूस थोडी दारू प्यायला तरी त्याच्या तोंडावर लाल चट्टे उठतात. कारखान्यांतल्या जुन्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे, बारमधल्या लोकांना नाही. ट्रायची नशा दारूसारखीच चढते आणि मोकळ्या हवेत दारूसारखीच उतरते. डेल कामावर पिऊन येत नव्हता. कामावर येऊन त्याला चढत होती.

पण हे मी म्हणून काय उपयोग? पुरावा हवा. नागपुरात विडी कारखान्यांच्या दारात पत्रकं वाटताना मी एक गोष्ट शिकले. मालकाला माणसाचा खोकला ऐकू येत नाही, त्याला त्याची वस्तू खराब झालेली दिसते. मी वस्तू शोधली. हीटरजवळच्या भिंतीवर नट-बोल्ट पिळायचे पाने टांगलेले होते. त्यांवर ताजा, नारिंगी गंज.

"बर्फाची ओल," वॉल्ट म्हणाला.

"मग दाराजवळचे पाने का चकचकीत आहेत? बर्फ तर तिथून येतो."

मी बॅगेतून लिटमसचा निळा कागद काढला, शाळेत सगळ्यांनी पाहिलेला तोच. ओला करून हीटरच्या वर धरला. बघता बघता लाल झाला. ट्राय पेटत नाही हे खरं, पण त्याची वाफ ज्योतीतून गेली की तिचं ॲसिड होतं. सोबत थोडा फॉस्जीन वायूही होतो, जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता.

"तुमचे पाने खातंय ते हेच," मी म्हटलं. "डेलची फुप्फुसं भिंतीवर टांगलेली नाहीत, म्हणून दिसत नाहीत."

दुकानाच्या फोनवरून मी आमचे मॅनेजर दामले सरांना कळवलं.

"अगं, त्यांनी आग विचारलीय ना? आग लागणार नाही. तेवढं लिही आणि परत ये. कुणाला नोकरीवर ठेवायचं हा आपला स्कोप नाही."

"सर, माणूस मेला तर स्कोपमध्ये येतो का?"

"हे बघ मेश्राम, हा रिपोर्ट आहे. पत्रक नाही."

"पत्रकातही मी अर्धं खरं लिहीत नव्हते, सर."

मग ते म्हणाले, "दुसरं काय वापरायचं तेही सांगून ये. नुसता नकार देऊन आलीस तर बिल मंजूर व्हायचं नाही." हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

आता डेल आडवा आला. "चालणारी एकच वस्तू आहे, ती तू काढून घेणार. मग क्लच घसरले की शिव्या मला." त्याचा रागही खरा होता. काढायचंच ठरलं असेल तर निदान काम वाईट म्हणून तरी नको, एवढंच त्याचं म्हणणं.

ॲसिटोन सुचवता आलं असतं. मळ छान निघतो, मागे काही उरत नाही. पण ट्रे हीटरजवळ ठेवण्याची सवय असलेल्या शेडमध्ये ॲसिटोन म्हणजे स्फोटाला आमंत्रण. कार्ब्युरेटर क्लीनर थर सोडतो आणि क्लचमधलं प्लास्टिक खातो. ब्रेक क्लीनरचे कितीतरी स्प्रे ट्रायचेच भाऊबंद. मी म्हटलं, "गरम पाणी आणि भांड्यांचा साबण."

दोघेही एकदम हसले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"क्लच आहे हा, ताटली नाही," वॉल्ट म्हणाला.

मी बाह्या सरसावल्या. क्लच पूर्ण खोलला, गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासला, खळबळून धुतला, लगेच कॉम्प्रेसरच्या हवेने कानाकोपरा सुकवला. मग पलीकडच्या, हीटर नसलेल्या खोलीत, खिडकी किलकिली ठेवून, फडक्यावर थोडंसं अल्कोहोल घेऊन तबकड्या पुसल्या. बाटलीतून ओतायचं नाही, फडकं ओलसर फक्त. डेलने दुसऱ्या गाडीचा क्लच त्याच्या पद्धतीने ट्रायमध्ये धुतला. मग दोन्ही गाड्या घेऊन तो मागच्या गोठलेल्या तळ्यावर गेला आणि आळीपाळीने पळवल्या.

परत आला, हेल्मेट काढलं. "सारख्याच ओढतात," म्हणाला. "तुझी सुरुवातीला जरा बरी."

वॉल्टला तरी पटेना. क्लच खोलण्यात वेळ जातो, हिवाळ्यात गिऱ्हाईक थांबत नाही, आणि शिवाय हा माणूस पितो तो पितोच.

"ठीक," मी म्हटलं. "त्याला काढा. दुसरा आणा, देवाचं नाव घेणारा, दारूला न शिवणारा. फेब्रुवारीत तोही बेवडा निघेल. विश्वास नसेल तर आज दुपारी तुम्ही बसा स्टुलावर. ट्रे जिथे आहे तिथेच."

वॉल्टने स्टुलाकडे पाहिलं. डेलनेही पाहिलं. वॉल्ट बसला नाही. डेलला जे कळायचं ते कळलं, मला रिपोर्टला जे हवं होतं ते मिळालं.

मळ धुणाऱ्याचं नाक आपल्या नाकापेक्षा वेगळं असतं असं मानणाऱ्यांना मी लहानपणापासून ओळखते. इथे ते इंग्रजी बोलतात, एवढाच फरक.

रिपोर्टमध्ये मी आगीचं उत्तर पहिल्या ओळीत दिलं आणि उरलेलं पुढच्या पानांवर. दामले सरांनी दोन विशेषणं खोडली, मजकूर तसाच पाठवला. वॉल्ट उरलेला ट्राय मागे बर्फात ओतणार होता. तिथेच त्याची स्वतःची विहीर आहे हे सांगितल्यावर त्याने घातक कचरा नेणारा परवानावाला ट्रक बोलावून ड्रम पाठवून दिला. कामगार काय हाताळतो ते त्याला सांगितलंच पाहिजे, असा नियम इथल्या कारखान्यांना नुकताच लागू झाला होता. अशा दुकानांपर्यंत तो अजून पोचायचा होता. ट्राय बंद करा, असं इन्शुरन्सचं पत्र मात्र पोचलं.

शुक्रवारी डेलला काढलं नाही. माफीही मागितली नाही. पुढे महिन्याभराने मी दुकानात फोन केला तेव्हा तो डेलनेच उचलला, बोलणं स्वच्छ. डोकं दुखतं का, विचारलं. नाही म्हणाला. बीअर?

"आहे तेवढीच. पण आता तोंड लाल होत नाही, म्हणून गाव म्हणतं मी सोडली. वॉल्ट सांगत फिरतो, त्यानेच सोडवली."

धडा एवढाच. नॉन-फ्लेमेबल म्हणजे जळत नाही. याहून जास्त त्या शब्दाने काही कबूल केलेलं नसतं. आणि माणूस कामावर झोकांड्या खायला लागला, तर त्याने काय प्यायलंय हे विचारण्याआधी त्याला कुठे बसवलंय ते बघावं. खाली वाकून बघावं लागतं.