हात करू नका

आमच्या बसच्या ड्रायव्हरला डेपोत सगळे मेजर म्हणायचे. सैन्यात तो साधा ट्रक चालवायचा, पण लढाईवरून आलेल्या माणसाला आमच्याकडे बढती फुकट मिळते. मी त्याची कंडक्टर. माझं तोंड फटकळ आहे, हे माझी सासूसुद्धा मान्य करते, आणि तिचं काही कमी नाही.

लढाई संपली तशी सरकारला मेजरची फार काळजी वाटायला लागली. पुनर्वसन कार्यालयाने त्याला एक टाय दिला आणि हसून बोलायचं प्रशिक्षण दिलं. तिथल्या मॅडमने विचारलं, "झोप लागते का?" हा म्हणाला, "आत्ता लागत होती." मग बँकेत वॉचमन म्हणून लावला, तर पठ्ठ्याने मॅनेजरचीच झडती घेतली. शेवटी कंटाळून बस दिली आणि बजावलं, की ही नोकरी गेली तर सरकारी खोलीही सोडायची. घरी बायको आणि दोन पोरी. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती.

आणि हा बाबा बस थांबवेना! रिकाम्या स्टॉपवर अगदी नियमाने थांबायचा. पण माणसांनी हात केला, की दाबलाच ॲक्सिलरेटर. लोक बोंबलत मागून धावायचे आणि शिव्या मी खायच्या. एक दिवस माझं डोकं फिरलं. कँटीनमध्ये त्याला गाठून विचारलं, "काय हो मेजर, डोळे फुटलेत की अक्कल गहाण टाकलीय?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, ताफ्यात नियम असतो. रस्त्यात कुणीही हात केला तरी थांबायचं नाही. मी एकदा थांबलो. म्हातारा होता, दमलेला दिसला. मी थांबलो म्हणून मागची गाडी थांबली, आणि ती उडाली. त्यात माझे दोस्त होते."

मी त्याच्या चहाचे पैसे दिले. असं क्वचित होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ड्यूटीआधी स्टॉपस्टॉपवर जाऊन लोकांना दम भरायला लागले. "बस हवीय ना? मग हात खाली!" लोकांचं काय, बस थांबणार म्हटल्यावर ते शीर्षासनही करतील. थोड्याच दिवसांत आमच्या मार्गावरची माणसं हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरांसारखी उभी राहायला लागली. मेजरही झकास थांबायला लागला.

त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरवायला एक दिवस डेपोचे साहेब बसमध्ये येऊन बसले. म्हणाले, "इकडचे लोक भलतेच शिस्तीचे." मी म्हटलं, "वळणच तसं आहे, साहेब."

बाजाराच्या स्टॉपवर एक म्हातारा उभा होता. परगावचा पाहुणा, त्याला कोण सांगणार? बस दिसताच त्याने हात वर केला. शेजारच्या बाईने तो धरून खाली ओढला, तर त्याने दुसरा वर केला! बसने वेग घेतलेला मला पायांखाली कळला. गेली खोली, म्हटलं.

आणि करकचून ब्रेक लागला. स्टॉपच्या जरा पुढे, पण लागला.

म्हातारा तणतणत चढला. बस मात्र हलेना. मी पुढे गेले. मेजरचे हात स्टीअरिंगवरच होते, शर्ट घामाने भिजला होता. समोर बघतच त्याने विचारलं, "ताई, मागचे सगळे आहेत ना?"

साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे होते. त्यांना ताफ्याचं काही ठाऊक नव्हतं, पण माणूस बरा. हळूच म्हणाले, "नोकरीचं झालं समजा. आधी त्याला उत्तर द्या."

मी शेवटच्या सीटपर्यंत नीट बघून घेतलं.

"सगळे आहेत, मेजर. तो म्हाताराही आहे. तुमच्या आईबापाचा उद्धार करतोय."

"करू दे, ताई," मेजर म्हणाला, आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला.