शेजारणीचं मतदानाचं कार्ड

माझा स्वभाव मत्सरी आहे. कुणाला पित्त होतं, कुणाचा गुडघा धरतो, तसं माझं पोट दुखतं. पण लोकांच्या मोठ्या गाड्या आणि दुमजली घरं बघून नाही. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात राहून त्यावर जळायला लागलं तर माणूस दिवसभर जळतच राहील. माझं दुखणं भलत्याच गोष्टींवरून सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की त्याला औषध नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक इटालियन बाई राहते. वय शहात्तर, नवरा नाही, मुलगी दोन गल्ल्या सोडून. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बोटीने मेलबर्नला आली ती इथलीच झाली. परसात टोमॅटो, शेंगा, लिंबाचं झाड. माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली आणि आठवड्याभरात या दोघींचं गूळपीठ जमलं. आईला इंग्रजी येत नाही, शेजारणीला मराठी येणार कुठून. तरी रोज सकाळी एक तर आई तिच्याकडे, नाही तर ती आमच्याकडे. समोर वाळलेल्या शेंगांचा ढीग घेऊन दोघी सोलत बसायच्या आणि आपापल्या भाषेत बोलायच्या. मी तीन दिवस ऑफिसला जाते, त्यामुळे मागे काय चालायचं मला ठाऊक नाही. पण एकदा आई मला म्हणाली की इटलीवालीच्या जावयाला नोकरीत बढती मिळाली, आणि ते खरं निघालं.

तर या बाईच्या फ्रिजवर चुंबकाखाली तीन कार्डं लावलेली आहेत. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, वर तिच्या शहराचा शिक्का. इटलीच्या दक्षिणेला समुद्राकाठी तिचं शहर आहे. तिथे महापौराची आणि नगरपालिकेची निवडणूक लागली की तिथलं कार्यालय परदेशी राहणाऱ्या आपल्या प्रत्येक मतदाराला असं कार्ड पाठवतं. अमुक तारखेला मतदान आहे, आपण यावं. पोस्टाने मत देता येत नाही, जायलाच लागतं. म्हणजे जवळजवळ आमंत्रणच. आणि कार्डावर नाव तिचं माहेरचं. इथे सगळे तिला नवऱ्याच्या आडनावाने ओळखतात, तिच्या शहराने मात्र तिच्या बापाचं नाव लावून ठेवलंय.

मी तिला पहिल्यांदा विचारलं होतं की तू ऑस्ट्रेलियन सिटिझन ना, मग तिकडचं मत कसं. ती म्हणाली, इथली झाले तेव्हा तिकडचं गेलं होतं, मग तिकडे कायदा बदलला, अर्ज केला, मिळालं परत. एवढं सहज. विसरलेली छत्री दुकानदाराने ठेवून द्यावी आणि आपण जाऊन घेऊन यावी, तसं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथे. कारण माझं कुणी ठेवून दिलं नव्हतं. मी सिटिझनशिप घेतली त्या दिवशी गळ्यात भलीमोठी साखळी घातलेल्या मेयरने हात मिळवला, एक रोप दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात माझा भारतीय पासपोर्ट कोपरा कापून परत आला. बदल्यात ओसीआय कार्ड मिळालं. त्याच्यावर जन्मभर जा-ये करता येते, मत तेवढं देता येत नाही. साताऱ्याच्या मतदारयादीतलं माझं नाव भावाने फॉर्म भरून काढून टाकलं. काढलं कुणी, तर सख्ख्या भावाने, आणि तेही नियमाला धरून, म्हणजे भांडायचीही सोय नाही. नंतर नगरपालिकेची निवडणूक झाली तेव्हा घरच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटांचे फोटो आले. भाऊ, वहिनी, भाचा, आई. मी अंगठ्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

इथे मी मत देते, नाही असं नाही. नाही दिलं तर दंड होतो. कौन्सिलच्या निवडणुकीत घरी पाकीट येतं, त्यात उमेदवारांचे फोटो, मी क्रमांक टाकते आणि पोस्टात घालते. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही, तेही मला ओळखत नाहीत. शेजारीण मात्र या वेळी तिच्या भावाच्या नातीसाठी जाणार होती. पोरगी पहिल्यांदा नगरपालिकेला उभी होती. तिकडे महापौराच्या नावावर फुली मारतात, आणि नगरसेवकाचं आडनाव मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहितात. नातीचं आडनाव तेच, हिच्या माहेरचं. हिला आपल्या बापाचं नाव स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर लिहायचं होतं. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी हसून छान छान म्हणाले आणि घरी येऊन विनाकारण लेकीवर ओरडले.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर घरात साजूक तुपाचा वास. आईने शिरा केला होता. पँट्रीतल्या फळीवर आमचं देवघर आहे. आई मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. देवांपुढे एक जाड कार्ड, त्याच्यावर हळदीकुंकू, वर एक झेंडूचं फूल.

आईच्या इथे कायम राहायच्या व्हिसाची आम्ही वाट बघत होतो. ते पत्र ईमेलने येतं हे मी तिला वीसदा सांगितलं होतं, पण सरकारी काम शिक्क्याशिवाय होतं यावर तिचा विश्वास नाही. दुपारी आमच्या लेटरबॉक्समध्ये शिक्क्याचं कार्ड आलं, तिने ते ओळखलं आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे आधी देवापुढे ठेवलं. माझं दहावीचं हॉलतिकीट, पहिला पगार, इथला व्हिसा, सगळं आधी देवापुढेच गेलं होतं. मी कार्ड उचललं. नाव आधी अनोळखी वाटलं, मग आठवलं, शेजारणीचं माहेरचं. पत्ता शेजारचा. पोस्टमनने एक घर आधीच टाकलं होतं. शिक्क्यावर बरोबर मधोमध आईच्या बोटाचा लाल ठसा.

त्याच पावली गेले असते तर हसण्यावारी गेलं असतं. आईचा घोळ सांगितला असता, शिऱ्याची वाटी दिली असती. पण मी उभी राहिले कार्ड हातात घेऊन. चांगलं जड होतं. दुसऱ्याचं बाळ कडेवर घ्यावं तसं वाटलं, आणि द्यावंसं वाटेना.

"माझंच आहे ना गं?" आईने विचारलं.

"बघते नीट वाचून. राहू दे तिथंच," मी म्हणाले. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, कुंकू पुसून देऊ. पुसायला गेले तर डाग पसरेल म्हणून ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगणार. अशा सबबी मला चांगल्या सुचतात. खरं कारण एवढंच होतं की पहिल्यांदाच असं एक कार्ड माझ्या घरात होतं.

शेजारीण रोज अकराच्या सुमाराला तिच्या लेटरबॉक्सपाशी येऊन उभी राहायची. घरून काम असलं की मला खिडकीतून दिसायची. झाकण उघडायची, हात आत घालून चाचपायची, कार्ड कोपऱ्यात अडकलं असेल म्हणून. चौथ्या दिवशी मी कचऱ्याचा डबा आत घेत होते तेव्हा ती कुंपणापाशी आली. या खेपेला आलं नाही म्हणाली. तिच्या भावाच्या घरची माणसं म्हणत होती की तिकडे याद्या नव्या केल्या आहेत, बाहेरच्या म्हाताऱ्यांची नावं गाळली असतील.

मी तोवर इंटरनेटवर वाचून काढलं होतं. कार्ड नसलं तरी चालतं. यादीत नाव असलं की मत देता येतं. नुसतं एवढं सांगितलं असतं तरी तिचं काम झालं असतं. मी म्हणाले, फोन करून विचार की कार्यालयात.

ती म्हणाली, "आपल्याच घराला फोन करून कुणी विचारतं का, मी तुमची आहे ना म्हणून?"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते लिहिते, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलेय. आधी मला बरं वाटलं. बस आता माझ्या पंगतीला, असं वाटलं. डबा आत घेतला आणि दार लावलं.

त्यानंतर एक-दोन दिवसांत तिने लेटरबॉक्सपाशी उभं राहायचं सोडून दिलं. खचली बिचारी, मी म्हटलं. आई मात्र खुशीत होती. रोज सकाळी कार्डाला ताजं फूल वाहायची. लेकीला हे सगळं कळलं होतं. आई, जस्ट गिव्ह इट बॅक, एवढंच म्हणून ती खांदे उडवून गेली. मी तिला गप्प बस म्हटलं.

दहाव्या दिवशी साताऱ्याहून भावाचा फोन आला. आईने परस्पर त्याला कळवलं होतं की पत्र आलं, आता मी इकडचीच. आणि सांगितलं होतं की ताईचं काढलंस तसं माझंही नाव मतदारयादीतून काढून टाक, उगाच नियमाबाहेर नको. भाऊ विचारत होता, फॉर्म भरू का.

आईने आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी जाऊन मत देऊन आली होती. व्हिसा मिळाला तरी तिचं नाव काढायची काही गरज नव्हती, आणि इथे तर व्हिसाच आलेला नव्हता. मी भावाला म्हटलं, हात लावू नकोस यादीला. आईला बसवून सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "दुसऱ्याचं पत्र दहा दिवस मला पुजायला लावलंस?"

मी देवघरातून कार्ड उचललं आणि तशीच चपला घालून शेजारी गेले. तिच्या दारात बॅग भरून ठेवलेली होती. मुलीकडे राहायला निघाली असेल असं मला वाटलं. कार्ड पुढे केलं आणि म्हणाले की चुकून आमच्याकडे आलं, आईने गैरसमजाने देवापुढे ठेवलं, मी आत्ताच बघितलं. शेवटचं वाक्य मी येताना तीनदा घोकलं होतं. तिने लाल ठशावरून अंगठा फिरवला, कार्डाचं चुंबन घेतलं आणि मला जवळ घेतलं. तिच्या केसांना लसणाचा वास येत होता. परवाचं विमान आहे, तिने सांगितलं. इतक्या झटपट तिकीट कसं मिळालं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ती गेली, आणि मी तिच्या लिंबाला पाणी घालत राहिले. पहिल्या फेरीत महापौर ठरला नाही म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान झालं, त्यासाठी ती तिथेच थांबली. तिचा महापौर पडला. नात निवडून आली. तिच्या मुलीने मला फोटो दाखवला. एका शाळेच्या दारात ही उभी, अंगावर चांगला कोट, दोन्ही बाजूंना डझनभर नातेवाईक. मी तो फोटो मोठा करकरून बघितला, आणि पुन्हा पोटात दुखलंच.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी ती आमच्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघी शेंगा घेऊन बसलो. आईने आधी तिचा हात ओढून बोट बघितलं. शाई नाही. मग मत दिल्याचं कळणार कसं, आईने मला विचारायला सांगितलं. शेजारीण हसली. मग शेंगांवरून नजर न काढता इंग्रजीतच मला म्हणाली,

"ते कार्ड मी आधीच पाहिलं होतं. तुझ्या आईने मला देव दाखवले, तेव्हा."

मी विचारलं, कधी.

"तुझ्याशी कुंपणापाशी बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. लगेच तिकीट काढलं."

"मग मागितलं का नाहीस?"

तिने शेंगेची सालं एकत्र केली आणि माझ्यापुढच्या ढिगात टाकली.

"म्हटलं, राहू दे थोडे दिवस तुझ्याकडे," ती म्हणाली. "तुला कुठूनच येत नाही ना."

आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतेय गं?"

मी म्हणाले, "मतदान नीट झालं म्हणते."